कन्नड बातम्या मराठीत देणारं ॲप : बेळगावहून दोन तारे

सहा महिने वापरतेय. मी बेळगावातल्या शहापूरची, दोन्ही भाषा वाचते. आईला फक्त मराठी वाचता येतं. तिच्यासाठीच वर्गणी भरली. पाऊस, ऊसदर, बसचा संप, या बातम्यांचं भाषांतर खरंच चांगलं.

अडतं ते सीमाप्रश्नावर. १ नोव्हेंबरच्या मूळ कन्नड बातमीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लोकांना 'पुंडरु' म्हटलं होतं, म्हणजे गुंड. मराठीत आलं 'मराठी भाषिक आंदोलक'. मथळ्यातला 'राज्योत्सव', म्हणजे कर्नाटकचा स्थापना दिन, गायब; त्याच दिवशी मराठी भाषिक पाळतात तो 'काळा दिवस' नुसता उरला. 'गडि विवाद'चा, म्हणजे सीमावादाचा, 'सीमाप्रश्न' झाला, 'बेळगावी'चं 'बेळगाव'. माझ्याही तोंडात बेळगावच आहे, पण २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आणि बातमीत तेच होतं.

आई म्हणाली, "बघ, कन्नड पेपरवालेही आता आपल्या बाजूनं लिहायला लागले." ऐकून पोटात गोळा आला. १९५६ पासूनचं भांडण, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा, आणि शेजारी आपल्याला काय म्हणतात तेच तिच्यापासून लपवलेलं! मी तिला मूळ बातमी शब्दन् शब्द सांगितली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "असंच सांगत जा मला."

तक्रार केली, तर उत्तर आलं की वाचकांना रुचेल अशी भाषा ठेवतो. मला रुचणारं नको, लिहिलेलं हवं. निदान मूळ कन्नड मजकूर शेजारी दाखवा. तोवर वर्गणी बंद.