मन वळवण्याचे तीन मार्ग आणि एक उतावीळ अभ्यासक्रम

निवेदने, आवाहने, वृत्तपत्रांना पत्रे आणि निधीसाठीचे प्रस्ताव असे लेखन ज्यांना वारंवार करावे लागते, अशा कार्यकर्त्यांसाठी हा ऑनलाइन अभ्यासक्रम आखलेला आहे. ॲरिस्टॉटलने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात सांगितलेल्या मन वळवण्याच्या तीन मार्गांवर, म्हणजे बोलणाऱ्याची विश्वासार्हता (इथॉस), ऐकणाऱ्याच्या भावना (पॅथॉस) आणि युक्तिवाद (लोगॉस) यांवर त्याची सगळी उभारणी आहे. ध्वनिमुद्रित व्याख्याने, सरावपत्रिका, सहाध्यायांनी करावयाचे परीक्षण आणि मसुदा तपासणारे एक संगणकीय साधन असे त्याचे स्वरूप आहे. त्यातील युक्तिवादाचा भाग उत्तम आहे, विश्वासार्हतेचा अर्धवट आहे आणि भावनेचा, स्पष्टच सांगायचे तर, उथळ आहे.

चांगल्यापासून सुरुवात करतो. एखादे गृहीतक न मांडता वाचकावर सोपवणारा युक्तिवाद, ज्याला ॲरिस्टॉटल एन्थिमीम म्हणतो, तो येथे फार नेटका शिकवला आहे. ‘हा पूल जुना झाला आहे, म्हणून त्यावरील जड वाहतूक थांबवावी’ या वाक्यात जुना पूल जड वाहतूक पेलू शकत नाही हे गृहीत धरलेले आहे. पुलाखाली राहणाऱ्याला ते पटवून द्यावे लागत नाही, अभियंता मात्र पहिल्याच ओळीत तपासणीचा अहवाल मागेल. सरावपत्रिकेत प्रत्येक दाव्यामागचे असे गृहीतक लिहून काढायचे आणि आपल्या नेमक्या वाचकाला ते मान्य होईल का, हे शेजारच्या रकान्यात नोंदवायचे असते. सहाध्यायांच्या परीक्षणाचा खरा उपयोग येथेच होतो, कारण स्वतःची गृहीतके स्वतःला क्वचितच दिसतात. कायदे, साक्षी आणि करार हे लेखकाने रचलेले नसून त्याने केवळ वापरायचे पुरावे होत, हा भेदही सांगितला आहे, जरी ओझरता.

भावनेच्या भागात मात्र ‘एका व्यक्तीच्या कहाणीने सुरुवात करा, सोबत छायाचित्र द्या’ यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ॲरिस्टॉटलच्या ‘ऱ्हेटरिक’ या वक्तृत्वावरील ग्रंथाच्या दुसऱ्या भागात राग, भीती, लाज, करुणा अशा एकेका भावनेबद्दल ती कोणत्या मनःस्थितीत, कोणाविषयी आणि कोणत्या कारणांनी उत्पन्न होते याची बारकाईने चिकित्सा आहे. त्याच्या मते करुणा वाटण्यासाठी समोरच्यावर आलेले संकट अनाठायी असावे लागते, आणि ते आपल्यावर किंवा आपल्या माणसांवरही येऊ शकेल असे वाटावे लागते. म्हणजे भावनेलाही कारणे असतात आणि ती कारणे मजकुरातूनच पुरवावी लागतात. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या ब्रिटिश चळवळीने 1788-89 च्या सुमारास प्रसृत केलेला ‘ब्रूक्स’ या जहाजाचा आराखडा याचे ठसठशीत उदाहरण ठरला असता. त्यात रडणारा चेहरा नाही. मापाने काढलेल्या तळांवर एकमेकांना खेटून झोपवलेली माणसे आहेत. गुलाम वाहणाऱ्या जहाजांच्या नियमनाच्या 1788 च्या कायद्याने या जहाजाला 454 जणांची परवानगी होती, हे कळल्यावर पाहणाऱ्याला सुधारणेनंतरची ही स्थिती असेल तर आधीची कशी असेल, असा प्रश्न पडतो. येथे आकडा आणि शोक वेगळे काढताच येत नाहीत.

विश्वासार्हतेसाठी पदवी, अनुभव आणि संस्थेचे वय पहिल्याच परिच्छेदात द्यावे, असा सल्ला आहे. उपयुक्त असला तरी तो मूळ विचाराच्या जवळपास उलट आहे, कारण विश्वास आधीच्या लौकिकातून नव्हे, तर प्रत्यक्ष भाषणातून निर्माण झाला पाहिजे, असे ॲरिस्टॉटल म्हणतो, आणि त्यासाठी व्यवहारज्ञान, सचोटी व श्रोत्याविषयीची सदिच्छा या तीन गोष्टी सांगतो. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिथल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून 1963 च्या एप्रिलमध्ये लिहिलेले पत्र अभ्यासक्रमात घेतले आहे, पण केवळ त्यातील हृदयद्रावक भागापुरते. आपल्यावर जाहीर टीका करणाऱ्या आठ धर्मगुरूंचा हेतू प्रामाणिक आहे असे किंग आरंभीच मान्य करतात आणि मग त्यांचे आक्षेप एकेक करून घेतात, याकडे व्याख्यात्यांचे लक्ष गेलेले नाही.

याहून मोठी उणीव म्हणजे भाषणाच्या प्रकारांचा उल्लेखही नाही. न्यायालयीन भाषण झालेल्या गोष्टीचा निवाडा मागते, तर विचारविनिमयाचे भाषण पुढे काय करावे ते ठरवू पाहते. पुष्कळशी निवेदने दोष कोणाचा हे सिद्ध करण्यात सगळी पाने खर्च करतात, आणि ज्या अधिकाऱ्याच्या हाती पुढचा निर्णय असतो त्याच्यासाठी शेवटी एक मोघम ओळ उरते; या एका भेदाने त्यातली बरीच सुधारली असती.

तपासणीचे साधन मसुद्यातील वाक्ये तीन रंगांत रंगवून प्रत्येक मार्गाची टक्केवारी देते. वर सांगितलेल्या जहाजाच्या आराखड्याला ते कोणता रंग देईल, याची मला उत्सुकता आहे. टक्केवारी समतोल करण्याच्या नादात सहाध्यायांपैकी काहींनी चांगल्या मसुद्यात उगाच एखादी करुण ओळ घुसडलेली दिसली.

नवख्या लेखकाने युक्तिवादाचा विभाग आणि त्याला जोडलेले परीक्षण मन लावून करावे. अनुभवी व्यक्तीला बाकीचे विभाग गाळले तरी चालतील. तपासणीचे साधन बंद ठेवण्याची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी वापरावी.