अल्बेनियाच्या स्वस्त सहलीत पैसे नेमके कुठे बुडतात

समुद्रकाठच्या सारांदा गावच्या भाजीबाजारात किंवा राजधानी तिरानाच्या टॅक्सीत कुणी "पाच हजार" म्हणालं, तर लगेच पाकिटात हात घालू नका. अल्बेनियाने 1965 साली चलन बदललं आणि दहा जुन्या लेकांचा एक नवा लेक झाला. नोटा बदलल्या, जिभेची सवय बदलली नाही. आजही पुष्कळ लोक, विशेषतः वयस्कर माणसं, जुन्या लेकात भाव सांगतात. त्यांचे "पाच हजार" म्हणजे आजचे 500. प्रामाणिक विक्रेता तुम्ही जास्त पुढे केलेल्या नोटा स्वतःहून परत देतो, आणि असे विक्रेते तिथे भरपूर आहेत. ज्याला लुबाडायचं असतं तो फक्त गप्प राहतो. तो खोटं काहीच बोललेला नसतो, त्यामुळे नंतर भांडायलाही जागा उरत नाही.

यावर उपाय एकच: आकडा मोबाइलवर टाइप करून दाखवायला सांगायचा आणि "त रेया, अपो त व्येत्रा?" असं विचारायचं, म्हणजे नवे की जुने. सुपरमार्केटमधल्या किमतीच्या पट्ट्या आणि छापील मेनू नव्या लेकातच असतात, घोळ होतो तो तोंडी भावात. काही भाव डोक्यात पक्के ठेवा. तिरानाच्या शहर बसचं तिकीट 40 लेक, साध्या कॅफेतली एस्प्रेसो साधारण 100 ते 150 लेक. या मापाने तोंडी भाव तोलला की कोणता लेक चालू आहे ते आपोआप कळतं.

स्वस्ताईच्या जुन्या हिशोबावरही विसंबू नका. 2020 च्या सुमारास एका युरोला 120 च्या वर लेक मिळत होते, आता जेमतेम 100 च्या आसपास मिळतात. त्याच काळात रुपयाही युरोपुढे घसरला. तेव्हा एक लेक सत्तर पैशांच्या आत पडायचा, आता जवळजवळ रुपयाला पडतो. म्हणजे लेकातली किंमत जागची हलली नाही तरी आपल्या खिशाला ती दीडपट लागते. जुने आकडे पुढे करून "रोज दोन हजारांत अल्बेनिया" विकणारा एजंट एक तर गाफील आहे किंवा तुम्हाला गाफील समजतो.

मोठी रक्कम मात्र मुंबई-पुण्यातच बुडते, विमानात बसण्याआधी. "शेंगेन व्हिसा आहे ना, मग अल्बेनियाला काही लागत नाही" हे वाक्य अर्धंच खरं आहे. (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट; अल्बेनिया त्यात नाही.) भारतीय पासपोर्टवर ही सवलत मिळते ती शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेच्या अशा व्हिसावर, जो वैध आहे, बहुप्रवेशी आहे आणि एकदा तरी वापरलेला आहे. कोरा, न वापरलेला शेंगेन व्हिसा दाखवला तर चेक-इन काउंटरवरच अडवलं जाण्याची भीती असते. अल्बेनियाचा स्वतःचा ई-व्हिसा आहे. सरकारी पोर्टलच्या पत्त्याचा शेवट 'डॉट एएल' असा असतो. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या साइट्स शुल्कावर आपलं "सेवाशुल्क" चढवतात. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या आठवड्यात अल्बेनियाच्या परराष्ट्र मंत्रालयाचं पान स्वतः उघडून बघा. एजंटने पाठवलेला स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नका.

तिकिटांचा सापळा याहून वाईट. मुंबईहून तिरानाला थेट विमान नाही. स्वस्त भाव दाखवायला एजंट मुंबई-रोम आणि रोम-तिराना अशी दोन वेगळी तिकिटं जोडतो, त्यातलं दुसरं बहुधा कमी भाड्याच्या कंपनीचं. अशा कंपन्या सामान पुढे पाठवत नाहीत. रोमला बाहेर येऊन बॅग घ्यायची, पुन्हा चेक-इन करायचं. बाहेर येणं म्हणजे शेंगेन प्रवेश. व्हिसाच नसेल तर मुंबईहूनच बसू देत नाहीत. एकप्रवेशी व्हिसा असेल तर तो जातानाच संपतो आणि परतीच्या वाटेवर तुम्ही तिरानात अडकता. सारांदाहून समोरच्या कोर्फू बेटावर "एका दिवसाची फेरी" मारणाऱ्यांनाही हेच लागू, कारण कोर्फू म्हणजे ग्रीस, म्हणजे शेंगेन. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कुणाचीच नसते. सगळा प्रवास एकाच बुकिंगवर, इस्तंबूलमार्गे, थोडा महाग पडला तरी घ्यावा.

पीएनआर मिळाला म्हणजे तिकीट मिळालं असंही नाही. नुसता धरून ठेवलेला पीएनआर दोन दिवसांत विरघळतो. 13 आकडी ई-तिकीट क्रमांक मागा आणि विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तपासा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर पुढचा हप्ता थांबवा. यूपीआयने कुणाच्या खासगी खात्यात आगाऊ रक्कम गेली आणि माणूस फोन उचलेनासा झाला, तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा. पैसे खात्यांमधून पुढे सरकण्याआधी गोठवता येतात, उशीर झाला की हाती फक्त तक्रार क्रमांक राहतो.

तिथे उतरल्यावर पहिला फटका एटीएमचा. आपल्या फॉरेक्स कार्डावर लेक हे चलन भरता येत नाही, त्यामुळे युरो भरले तरी चलनबदलाचं शुल्क लागतंच, वर बहुतेक यंत्रं स्वतःचं शुल्क घेतात. समजा ते 700 लेक आहे. पाच हजार काढले तर 14 टक्के गेले, पंचवीस हजार एकदम काढले तर 2.8 टक्के. थोडेथोडे काढण्याची सावध सवय इथे उलटी पडते. त्यानंतर पडद्यावर "रूपांतर स्वीकारा" असा ठळक प्रश्न येतो आणि रक्कम रुपयांत दिसते. आपल्या चलनात आकडा दिसल्याने बरं वाटतं, पण तो दर यंत्रवाल्याने लावलेला असतो आणि त्यात त्याचा मोठा नफा दडलेला असतो. नकार द्या. नकार दिला तरी पैसे येतात, व्यवहार रद्द होत नाही. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न आला तर रक्कम लेकातच ठेवायला सांगा. सोबत रोख युरो न्या आणि शहरातल्या विनिमय दुकानात बदला. खरेदी-विक्रीचे दोन्ही दर बाहेर फलकावर असतात, त्यांतला फरक जितका कमी तितकं दुकान बरं.

तिरानाचा मदर तेरेसा विमानतळ शहरापासून सुमारे 17 किलोमीटरवर, रिनासला आहे. दारातच "बस बंद आहे" म्हणणारे भेटतात. बस असते, भाडं साधारण 400 लेक, स्कंदरबेग चौकाजवळ सोडते. हीच थाप आंतरशहरी थांब्यांवर ऐकू येते, "आजची शेवटची फुरगोन गेली". फुरगोन म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखी मिनीबस. टॅक्सीवाल्याला न विचारता शेजारच्या चहा-कॉफीच्या टपरीवर विचारा. भाडं वाटेत घेतात. शेजारचा स्थानिक माणूस किती देतो ते बघून तेवढंच द्या.

जुलै-ऑगस्टमध्ये समुद्रकाठच्या क्सामिल आणि सारांदाला खोलीवरून लुबाडतात. स्वस्तात आधी बुक केलेल्या खोलीचा मालक आयत्या वेळी कळवतो की पाइप फुटला, तुम्ही तुमच्या बाजूने बुकिंग रद्द करा. करू नका. तुम्ही रद्द केलं की परतावा आणि पर्यायी खोली, दोन्हींवरचा तुमचा हक्क कमकुवत होतो, आणि तीच खोली दुप्पट भावाने दुसऱ्याला जाते. रद्द करायचं तर त्याने करावं. "कार्ड पडताळणी"ची लिंक चॅटमध्ये आली तर ती बुकिंग साइटच्या नावाने आली असली तरी उघडू नका.

समुद्रकाठच्या हॉटेलात बर्फावर मांडलेला मासा किलोच्या भावाने असतो. मेनूतला आकडा एका थाळीचा समजून मागवला की बिल तिप्पट येतं. भाजण्याआधी समोर वजन करायला लावा आणि किंमत लिहून घ्या. बिल म्हणून "कुपोन फिस्काल", म्हणजे कराची अधिकृत छापील पावती मागा, त्यावर क्यूआर कोड असतो. चिठोऱ्यावर लिहिलेली बेरीज म्हणजे बिल नव्हे. छापील बिल मागितलं की चिठोऱ्यावरचे फुगवलेले आकडे पुष्कळदा खाली येतात.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना आधीच काढावा, तो एक वर्ष चालतो. गाडी ताब्यात घेताना टायर, काचा, छत आणि खालचा भाग यांचा व्हिडिओ त्यांच्या माणसासमोर घ्या. "संपूर्ण विमा" म्हणून विकलेल्या कागदातून नेमके हेच भाग वगळलेले असतात, आणि दक्षिणेच्या खडबडीत रस्त्यांवर इजा होते तीही तिथेच. पासपोर्ट अनामत म्हणून ठेवू नका. माँटेनेग्रो किंवा उत्तर मॅसिडोनियात जायचं असेल तर ग्रीन कार्डाचे (गाडीचा विमा सीमेपलीकडे चालतो हे दाखवणाऱ्या कागदाचे) पैसे आणि परवानगी करारात लिहून घ्या.

वाद हाताबाहेर गेला तर पोलीस 129 वर मिळतात. उरलेले लेक निघण्याच्या आदल्या दिवशी शहरातच युरोत बदला, देशाबाहेर ते क्वचितच कुणी घेतं.