घरी केलेले गोड पदार्थ: फ्रीजमध्ये की फ्रीझरमध्ये?

उरलेला केक फ्रीजमध्ये ठेवणे सुरक्षित वाटते, पण साध्या, क्रीम नसलेल्या केकसाठी ती जवळजवळ सर्वांत वाईट जागा आहे. मैद्यातील स्टार्च भाजताना पाणी शोषून मऊ होतो आणि थंड झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा घट्ट रचले जाऊ लागतात. ही क्रिया सुमारे ४ अंश सेल्सिअसला खोलीच्या तापमानापेक्षा अधिक वेगाने होते, म्हणून केक एका दिवसातच कोरडा लागतो. फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, हीच क्रिया जवळपास थांबते आणि नीट गुंडाळलेला केक दोन-तीन महिने चांगला राहतो.

कस्टर्डचे मात्र उलट आहे. कॉर्नफ्लोअरने दाट केलेले कस्टर्ड गोठवून वितळवले की त्यातून पाणी सुटते आणि उरलेला भाग रवाळ होतो. ते फ्रीजमध्येच झाकून ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. चीजकेक मात्र गोठवणे चांगले सोसतो. बिस्किटांचा प्रश्नच नाही, त्यांना हवाबंद डबा पुरतो.

फ्रीझर निवडल्यास खरे काम गुंडाळण्यात आहे. केक पूर्ण गार झाल्यावर त्याला प्लॅस्टिकचे आवरण अंगाला चिकटेल असे लावावे, त्यावर फॉइल गुंडाळावी आणि वितळवतानाही आवरण काढू नये, म्हणजे हवेतील दमट वाफ केकवर न जमता बाहेरच्या आवरणावर जमेल. घाई असेल तर अखंड केकपेक्षा तुकडे गोठवणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण हवे तेवढेच बाहेर काढता येतात.