हरवलेला लॉग शोधताना: टेस्टडिस्क आणि फोटोरेक कुठे कामाला येतात, कुठे नाही

गाडीचे फॉल्ट कोड क्लिअर केले की ईसीयूमधली (इंजिनच्या कंट्रोल कॉम्प्युटरमधली) फ्रीझ फ्रेमही त्यांच्याबरोबर जाते. बिघाड झाला त्या क्षणी इंजिनचे आरपीएम किती होते, कूलंट किती तापलं होतं, फ्युएल ट्रिम (इंधनाच्या प्रमाणातली दुरुस्ती) कुठे गेला होता, हे त्यानंतर फक्त स्कॅनरने सेव्ह केलेल्या फाइलमध्ये, म्हणजे लॉगमध्ये, उरतं. कोडिंग (गाडीतल्या कंट्रोल मॉड्यूलची सेटिंग) बदलण्याआधी घेतलेला मॉड्यूलचा बॅकअप तर त्याहून मोलाचा, कारण तो गाडीतून पुन्हा काढता येत नाही. अशी फाइल दिसेनाशी झाली की बहुतेक जण हरवलेल्या फाइली परत मिळवणाऱ्या टेस्टडिस्क आणि त्याच्या जोडीने येणाऱ्या फोटोरेककडे वळतात. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेले हे दोन्ही प्रोग्राम जीपीएल परवान्याखाली मोफत आहेत आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतात. इन्स्टॉल करावं लागत नाही. झिप उघडायची आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. इथे त्यांचं मोजमाप डायग्नॉस्टिक टूलच्या फाइलींपुरतंच केलं आहे. फोटो आणि व्हिडिओसाठी ते उत्तम आहेत हे सर्वांना माहीत आहे, पण लॉगची गोष्ट वेगळी आहे.

हातातल्या स्कॅनरचं एसडी कार्ड किंवा पेनड्राइव्ह असेल तर ही जोडी पहिली निवड. कॉम्प्युटरच्या एसएसडीवरून डिलीट झालेली फाइल असेल तर फार आशा नाही. अँड्रॉइड टॅब्लेटच्या अंतर्गत मेमरीसाठी उपयोग शून्य.

प्रोग्राम चालवण्याआधी फाइल खरोखर गेली आहे का, ते पाहावं. ‘हरवलेल्या’ फाइलींपैकी कितीतरी डिलीट झालेल्याच नसतात, भलत्याच जागी पडलेल्या असतात. विंडोजवरचं सर्वांत मोठं कारण व्हर्च्युअलस्टोअर. जुन्या धाटणीचं डायग्नॉस्टिक सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये इन्स्टॉल केलं आणि ते स्वतःच्याच फोल्डरमध्ये लॉग लिहू लागलं, की विस्टापासूनचं विंडोज ते लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवतं. जागा अशी: युजर्स, त्यात वापरणाऱ्याचं नाव, मग ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. ॲपडेटा हे फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून एक्सप्लोररमध्ये लपलेल्या वस्तू दाखवण्याची खूण आधी करावी. सॉफ्टवेअर साध्या युजरने उघडलं तर लॉग दिसतात आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं की गायब होतात, असं घडत असेल तर कारण बहुधा हेच. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांसाठीचं व्हीसीडीएस मुळातच सी ड्राइव्हवर रॉस-टेक नावाच्या फोल्डरमध्ये बसतं आणि त्याचे लॉग तिथल्याच लॉग्ज फोल्डरमध्ये पडतात, त्यामुळे नेहमीच्या जागी इन्स्टॉल केलेलं असेल तर हा घोटाळा होत नाही. दुसरं कारण वनड्राइव्ह. बॅकअप चालू केला की डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत सरकतं आणि जुन्या पत्त्यावर शोधणाऱ्याला ते रिकामं दिसतं.

अँड्रॉइडवर गाडीची वाचनं दाखवणाऱ्या टॉर्कसारख्या ॲपचे लॉग आधी उघड्या मेमरीत दिसायचे. अँड्रॉइड ११ पासून ॲपच्या स्वतःच्या फाइली ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधल्या ‘डेटा’मध्ये बंदिस्त असतात आणि साध्या फाइल मॅनेजरला तिथे प्रवेश नाही. केबलने कॉम्प्युटरला जोडून पाहिल्यास बऱ्याच उपकरणांत त्या दिसतात. पण ॲप अनइन्स्टॉल केलं की ते फोल्डरही पुसलं जातं. ‘ॲप बिघडलंय, काढून पुन्हा टाकू’ हा सल्ला लॉग बाहेर काढल्याशिवाय कधीही ऐकू नये. अंतर्गत मेमरी एन्क्रिप्ट केलेली असते आणि केबलवरून ती ड्राइव्ह म्हणून जोडली जात नाही. त्यामुळे टेस्टडिस्क आणि फोटोरेकला वाचायला तिथे काहीच मिळत नाही.

फाइल खरंच कार्डवरून डिलीट झाली असेल तर कार्ड ताबडतोब स्कॅनरमधून काढावं. स्कॅनर नुसता चालू केला तरी तो कार्डावर काहीबाही लिहू शकतो, आणि त्या लिखाणाखाली गेलेला लॉग कोणताही प्रोग्राम परत आणत नाही. कार्ड रीडरमध्ये घालून आधी पूर्ण कार्डाची इमेज (हुबेहूब प्रत) घ्यावी. टेस्टडिस्कमध्ये त्याची सोय आहे, पण कार्ड वाचताना अडखळत असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू जास्त भरवशाचं. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब भागाकडे नंतर परत जातं आणि कुठपर्यंत आलं याची नोंद ठेवतं. पुढचं सगळं काम इमेजवर करावं.

आता क्रम. आधी टेस्टडिस्क, मग फोटोरेक. बरेच जण थेट फोटोरेक चालवतात आणि तिथेच चुकतात. टेस्टडिस्क फाइल सिस्टिम (कोणती फाइल कुठे आहे याची कार्डावरची नोंद) वाचतं, म्हणजे फाइलचं नाव आणि तारीख शाबूत मिळते. लॉगच्या नावातच गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) किंवा वेळ असेल तर नाव हीच अर्धी माहिती. डिस्क निवडावी, पार्टिशन टेबलचा प्रकार ते स्वतः सुचवतं तोच ठेवावा, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन पार्टिशन निवडावं आणि अनडिलीट दाबावं. डिलीट झालेल्या फाइली लाल रंगात येतात. हव्या त्या फाइलींवर अपूर्णविरामाच्या कळीने खूण करावी आणि मोठ्या लिपीतल्या ‘सी’ने कॉपी करावं. छोटा ‘सी’ फक्त ज्या ओळीवर कर्सर आहे तीच कॉपी करतो. कॉपी नेहमी दुसऱ्या ड्राइव्हवर, त्याच कार्डावर कधीच नाही.

काही नावांच्या सुरुवातीला अधोरेषा दिसली तर घाबरायचं कारण नाही. मेमरी कार्डांवर सर्रास असणाऱ्या फॅट फाइल सिस्टिममध्ये डिलीट करताना नोंदीचा पहिला बाइट बदलला जातो, त्यामुळे जुन्या आठ-अधिक-तीन पद्धतीच्या नावाचं पहिलं अक्षर जातं. फाइल तीच असते. खरी अडचण पुढे आहे. डिलीट होताना फॅटमधली क्लस्टरची साखळीही (फाइलचे तुकडे कुठे कुठे आहेत त्याची नोंद) मोकळी होते, म्हणून टेस्टडिस्क फाइल सलग असल्याचं गृहीत धरतं. तासभर थोडी थोडी वाढत गेलेली लॉग फाइल मात्र सलग असतेच असं नाही, विशेषतः स्कॅनर त्याच वेळी दुसरी एखादी फाइलही लिहीत असेल तर. कॉपी केलेला लॉग मध्येच भलत्याच मजकुरात शिरला तर कारण हे.

मग फोटोरेक. हे फाइल सिस्टिमकडे बघतच नाही, फाइलच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून फाइली उचलतं. म्हणून कार्ड फॉरमॅट झालं असलं तरी ते चालतं, पण नावं सगळी जातात. रीकप-डिर नावाच्या फोल्डरांत ‘एफ’ आणि पुढे आकडा अशा नावाच्या फाइलींचा ढीग मिळतो. सीएसव्ही लॉग बहुधा टीएक्सटी म्हणून येतात. ढिगातून आपला लॉग काढायचा सोपा मार्ग व्हीआयएन. त्याची १७ अक्षरं असतात, त्यांत आय, ओ आणि क्यू कधीच नसतात. रिपोर्टच्या आत तो छापलेला असेल तर विंडोजच्या फाइंडस्ट्र आज्ञेने सगळ्या फोल्डरांत एका दमात शोध होतो. फक्त एवढंच, की यूटीएफ-१६ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत लिहिलेला मजकूर फाइंडस्ट्रला दिसत नाही. काहीच सापडलं नाही तर नोटपॅड-प्लस-प्लसमधून फोल्डरभर शोधून पाहावं.

फोटोरेकची खरी ताकद फारसे लोक वापरत नाहीत: स्वतःची खूण शिकवण्याची सोय. डायग्नॉस्टिक टूलचे कितीतरी फॉरमॅट त्याच्या यादीत नाहीत, पण त्याच टूलच्या तीन-चार चांगल्या फाइली हाताशी असतील तर त्या हेक्स एडिटरमध्ये (कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडून पहिले १६ बाइट ताडून पाहावेत. सगळ्यांत समान असतील ते बाइट म्हणजे खूण. उदाहरणार्थ, एमडीएफ या मोजमापांच्या लॉगच्या फॉरमॅटच्या चौथ्या आवृत्तीची फाइल एम, डी, एफ आणि पाच मोकळ्या जागांनी सुरू होते. लॉगर मध्येच बंद पडून अर्धवट राहिलेल्या फाइलीत तिथे ‘अनफिनएमएफ’ असतं. व्हेक्टर कंपनीच्या बीएलएफ लॉग फाइलीची पहिली चार अक्षरं ‘एल-ओ-जी-जी’. फोटोरेकच्या शेजारी फोटोरेक-डॉट-सिग नावाची साधी टेक्स्ट फाइल करायची आणि एका ओळीत एक्सटेन्शन, सुरुवातीपासूनचं अंतर म्हणजे शून्य, आणि खूण असं लिहायचं. सोबत येणाऱ्या एफआयडेंटिफाय प्रोग्रामवर एक चांगली फाइल देऊन खूण ओळखली जाते का ते आधीच तपासावं. नाहीतर ३२ जीबीचं कार्ड पूर्ण वाचून झाल्यावर कळतं की एक अक्षर चुकलं होतं. फाइल ऑप्टमध्ये ‘कस्टम’ चालू आहे ना, तेही पाहावं.

इथे एक बारकावा आहे. स्वतःच्या खुणेने सापडलेली फाइल कुठे संपते हे फोटोरेकला कळत नाही. पुढची ओळखीची खूण दिसेपर्यंत ते उचलतच राहतं. म्हणून फक्त कस्टम चालू ठेवून बाकी सगळं बंद करणं चुकीचं. कार्डावर ज्या प्रकारच्या फाइली होत्या, टेक्स्ट, पीडीएफ, झिप, जेपीजी, ते चालू राहू द्यावेत, म्हणजे शेपटीला कमी कचरा चिकटतो. एमडीएफला तो कचरा फारसा बाधत नाही, कारण त्यातले सगळे दुवे फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेले असतात. आणि ज्या ईसीयू डंपला (ईसीयूच्या मेमरीच्या कच्च्या प्रतीला) कसलीच ठरलेली खूण नाही, ती साधी बिन फाइल फोटोरेक शोधू शकत नाही. अशा वेळी इमेज हेक्स एडिटरमध्ये उघडून डंपमधला सॉफ्टवेअर नंबर किंवा व्हीआयएन शोधणं, आणि त्या जागेच्या मागे-पुढे डंपच्या नेमक्या आकाराएवढा तुकडा कापणं, एवढंच हातात राहतं.

एसएसडीबद्दल थोडक्यात. डिलीट होताच विंडोज ड्राइव्हला ट्रिम (हा भाग आता लागत नाही, असं सांगणारी आज्ञा) पाठवतं आणि तो भाग बहुतेक वेळा शून्यच वाचला जातो. तिथे रीसायकल बिन आणि वनड्राइव्हचा इतिहास पाहावा, फोटोरेकवर रात्र घालवू नये.

फाइल मिळाली, आता उघडायची. एक्सटेन्शनवर विश्वास ठेवू नये. सुरुवात ‘पीके’ने असेल तर ती झिप आहे, मग नाव काहीही असो. ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ असेल तर ती डेटाबेस आहे, डीबी ब्राउझरमध्ये उघडावी. स्नॅप-ऑन स्कॅनरच्या डेटा मूव्हीसाठी (रेकॉर्ड केलेल्या वाचनांसाठी) त्यांचं शॉपस्ट्रीम कनेक्ट लागतं. पिकोच्या ऑसिलोस्कोपची पीएसडेटा फाइल पाहायला स्कोप जोडायची गरज नाही, पिकोस्कोप सॉफ्टवेअर नुसतंच चालतं. एमडीएफसाठी मोफत एसॅमएमडीएफ उत्तम. त्यात कॅनचा (गाडीतल्या मॉड्यूलांना जोडणाऱ्या नेटवर्कचा) कच्चा डेटा असेल तर त्या डेटाचा अर्थ सांगणारी त्या गाडीची डीबीसी फाइल जोडल्याशिवाय नुसते हेक्स आकडे दिसतील. ती फाइल बिघडल्याची खूण नाही.

सीएसव्हीवर डबल क्लिक करून एक्सेल उघडणं ही सवय सोडावी. दशांश चिन्ह आणि स्वल्पविराम यांचा कॉम्प्युटरच्या प्रादेशिक सेटिंगशी मेळ बसला नाही तर सगळा लॉग एकाच स्तंभात कोंबला जातो किंवा आकडे तारखा होऊन बसतात. डेटा टॅबमधून टेक्स्ट-सीएसव्ही आणून विभाजक स्वतः निवडावा. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात, त्यापुढचा लांब लॉग तिथेच तुटतो. टॉर्कच्या लॉगमध्ये मध्येच पुन्हा शीर्षकाची ओळ येते आणि वाचन न मिळालेल्या जागी नुसती आडवी रेघ असते. आलेख काढण्याआधी दोन्ही काढून टाकावीत. आणि व्हीसीडीएसच्या जुन्या मेझरिंग ब्लॉकच्या (वाचनांच्या गटांच्या) लॉगमध्ये प्रत्येक गटाला वेगळा वेळेचा स्तंभ असतो, कारण गट एकामागून एक वाचले जातात. बूस्ट (टर्बोचा दाब) एका गटात आणि आरपीएम दुसऱ्यात असेल तर ते एकाच क्षणाचे समजू नयेत.

मुख्यतः फोर्ड गाड्यांसाठीच्या फोरस्कॅनची एबीटी किंवा कुठलीही परत मिळवलेली बॅकअप फाइल मॉड्यूलमध्ये लिहिण्याआधी मात्र टेक्स्ट एडिटरमध्ये शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. त्याच टूलच्या एखाद्या चांगल्या बॅकअपशी ओळींची संख्या आणि मांडणी ताडून पाहावी, आणि गाडीतून त्या क्षणी वाचलेल्या कोडिंगशेजारी ठेवून पाहावी. एकही ओळ मध्येच तुटलेली असेल तर ती फाइल वाचण्यापुरतीच ठेवावी, गाडीत लिहू नये.