प्रीमियम प्रोसेसिंग : कलाकारांच्या अमेरिकी व्हिसासाठी जादा पैसे मोजावेत का?

अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवासाठी आणि दिवाळीच्या कार्यक्रमांसाठी मुंबईहून जाणाऱ्या गायक-वादकांची कागदपत्रे मी सांभाळतो. या कामात सर्वाधिक भिस्त ज्या सेवेवर ठेवली जाते, ती म्हणजे अमेरिकी इमिग्रेशन खात्याची, अर्थात यूएससीआयएसची, ‘प्रीमियम प्रोसेसिंग’, म्हणजे जादा शुल्क घेऊन अर्ज लवकर हाताळण्याची सोय. माझे मत आधीच नोंदवतो : ही सेवा उपयुक्त आहे, परंतु ती व्हिसाच्या पहिल्या टप्प्यालाच, म्हणजे अमेरिकेत केलेल्या अर्जाच्या निकालालाच, गती देते, आणि ज्यांना वर्षभर आधी निमंत्रण आले आहे त्यांनी तिच्यावर पैसे खर्च करू नयेत.

नाट्यसंगीत, अभंग, लावणी अशा एका संस्कृतीत रुजलेल्या कलांसाठी सहसा पी-३ हा व्हिसाचा वर्ग निवडला जातो. कलाकाराला स्वतःसाठी हा अर्ज करता येत नाही. अमेरिकेतील निमंत्रक किंवा एजंट आय-१२९ हा फॉर्म भरतो आणि त्याला करार, दौऱ्याचे वेळापत्रक, तिथल्या कामगार संघटनेचे सल्लापत्र व जाणकारांची पत्रे जोडतो. त्यासोबत आय-९०७ हा फॉर्म व वेगळे शुल्क भरले की खाते १५ दिवसांत दखल घेण्याची हमी देते. हे शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्ये २,५०० वरून २,८०५ डॉलर झाले आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून १५ दिवस म्हणजे कामकाजाचे १५ दिवस असे मोजले जाऊ लागले, म्हणजे अधिक पैसे देऊन जवळजवळ आठवडाभर अधिक थांबणे आले. पैसे भरण्यापूर्वी चालू दर अवश्य पाहावा.

हमी दखल घेण्याची आहे, मंजुरीची नव्हे, आणि बहुतेक मंडळांची निराशा इथेच होते. पंधराव्या दिवशी अधिक पुरावे मागणारे पत्र आले तरी खात्याने आपला शब्द पाळला असेच धरले जाते. शुल्क परत मिळत नाही, आणि उत्तर पोहोचल्यावर नव्याने १५ दिवस मोजले जातात. म्हणून खरी मेहनत फाइलवर घ्यावी लागते. ‘गायक अत्यंत गुणी आहेत’ अशी स्तुतिपत्रे कितीही जोडली तरी पी-३ साठी ती पुरेशी ठरत नाहीत. संगीत नाटकाची परंपरा कोणती, त्यातील पद मैफलीतल्या ख्यालापेक्षा वेगळे कसे गायले जाते, ऑर्गनची साथ का लागते, हे मराठी न जाणणाऱ्या अधिकाऱ्याला समजेल अशा भाषेत एखाद्या अभ्यासकाने लिहून दिले, तर ते पत्र मला या शुल्कापेक्षा मोलाचे वाटते.

शुल्क माणशी नसून अर्जामागे आहे, ही चांगली बाजू होय. एका अर्जात २५ जणांपर्यंत नावे घालता येतात, त्यामुळे दहा-बारा जणांच्या संचाला ते फार जड जात नाही. मात्र ध्वनिव्यवस्था पाहणारा तंत्रज्ञ कलाकारांच्या अर्जात बसत नाही; साहाय्यक म्हणून त्याचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याला घाई हवी असेल तर शुल्कही वेगळे पडते. काटकसर म्हणून केवळ मुख्य संचाचेच शुल्क भरणारी मंडळे आहेत. ज्या माणसाला त्या गायकाच्या आवाजाची पट्टी, तबल्याचा तोल ठाऊक आहे, तोच मागे राहिला तर दौऱ्याचे नुकसान होते, म्हणून दोन्ही अर्जांचे शुल्क एकत्रच मोजावे.

मंजुरी आल्यानंतरचा टप्पा मुंबईत आहे आणि तिथे ही सेवा काहीही करू शकत नाही. प्रत्येकाने डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, २०५ डॉलर व्हिसा शुल्क द्यायचे, बोटांचे ठसे देण्यासाठी एक फेरी मारायची आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीला जायचे. मुलाखतीची तारीख कधी मिळेल हे दूतावासाच्या गर्दीवर अवलंबून असते. पूर्वी काही कलाकार तारखेसाठी तिसऱ्याच देशात जात. सप्टेंबर २०२५ पासून अर्जदाराने स्वतःच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा, असे अमेरिकी परराष्ट्र खात्याचे धोरण असल्याने तो मार्गही जवळजवळ बंद झाला आहे. पर्यटक व्हिसावर जाऊन मानधन घेऊन गाण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. त्याची किंमत कलाकाराला पुढच्या प्रत्येक अर्जात मोजावी लागू शकते.

आय-१२९ हा अर्ज कार्यक्रमाच्या वर्षभर आधी करता येतो. गणपतीची तारीख पंचांगात आधीच ठरलेली असते, तेव्हा मंडळाने पाहुणे लवकर निश्चित केले तर साध्या शुल्कातच काम होते. करार उशिरा झाला, दौरा तीन-चार महिन्यांवर आला आणि फाइल भक्कम असेल, तरच प्रीमियम घ्यावे. अशा वेळी उशीर निमंत्रकाकडून झालेला असल्याने ते शुल्क मानधनातून कापले जाणार नाही, हे कलाकाराने सही करण्यापूर्वीच करारात लिहून घ्यावे.