हात-पायाचे काजू कटर : टरफलाची चिंता नाही, गराची आहे

वेंगुर्ले परिसरात घरगुती काजूप्रक्रिया करणाऱ्यांना विकले जाणारे, हाताने आणि पायाने मिळून चालवायचे काजू कटर हंगामभर वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. माहितीपत्रकात हे यंत्र 'बी दुभागते' एवढेच म्हटले आहे. ते खरे असले तरी कसोटी तेवढ्यावर संपत नाही, कारण टरफल दुभागले पाहिजे आणि आतला गर मात्र दुभंगता कामा नये. गराची दोन दले मुळातच एकमेकांना टेकून असतात. पात्याचा दाब जरा जास्त पडला की अख्ख्या गराची पाकळी होते आणि भाव उतरतो. अख्ख्या गराच्या डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० या प्रतींचा अर्थ एका पौंडात अनुक्रमे २२० ते २४० आणि ३०० ते ३२० गर असा होतो. पाकळी कितीही टपोरी आणि पांढरीशुभ्र असली तरी तिला या प्रतींत जागा नाही.

बी दोन पात्यांमध्ये नीट बसवायची, पेडल दाबून पाती टरफलात रुतवायची आणि मग हाताचा दांडा फिरवून टरफलाचे दोन भाग उकलायचे, अशी याची रीत आहे. हे काम यंत्र चांगले करते. पेडलचा दाब पायाला सहज कळतो, त्यामुळे नवख्या माणसाचाही अंदाज लवकर बसतो. उणीव आहे ती पात्यांमधील अंतर ठरवणाऱ्या स्क्रूमध्ये. वेंगुर्ला ७ या जातीची बी सुमारे १० ग्रॅमची, वेंगुर्ला ४ ची ७.७ ग्रॅमची आणि गावठी बी त्याहून लहान. आपल्याकडे एकाच पोत्यात या सगळ्या येतात, आणि स्क्रू मोठ्या बीला लावला तर लहान बी अर्धवट चिरली जाते, लहानीला लावला तर मोठ्या बीचा गर कापला जातो. त्यातून हा स्क्रू कामाच्या हादऱ्याने सैल होतो. बिया आधी चाळून आकाराप्रमाणे वेगळ्या केल्या, तरच या यंत्राला न्याय मिळतो. वाफवलेल्या बिया पुरत्या निवण्याआधी फोडायला घेतल्या तर पाकळीचे प्रमाण वाढते; तो दोष यंत्राचा नव्हे.

ओल्या काजूगरासाठी मात्र हे कटर घेऊ नये. ओली बी कोयतीने उभी चिरून गर दोन फाकांतच काढायचा असतो, उसळीत अख्खा गर कोणी मागत नाही, आणि ओल्या सालीचे मऊ टरफल या पात्यांत नुसते चेंगरते.

टरफलातील तेल कातडी जाळते, तरीही विक्रेत्याने हातमोजे सोबत दिलेले नाहीत, ही बाब मला अक्षम्य वाटते. तेच तेल पात्यांवर साचून घट्ट होते, म्हणून रोज काम संपताच पाती खरवडून पुसावी लागतात. किमतीच्या मानाने सांगाडा भक्कम आहे. घरातील दोन-तीन माणसांनी चालवायच्या उद्योगाला मी हे यंत्र सुचवीन, पण घेतानाच पात्यांची जादा जोडी मागून घ्यावी, कारण ऐन हंगामात ती मिळवताना बरीच वाट पाहावी लागली.