ऑफिस बंद पडलं तर सावरायचं कसं: खर्च यंत्रणेवर की माणसांवर?

मुंबईत दहा-पंधरा माणसांचं ऑफिस चालवत असाल आणि हाताशी बेताचाच पैसा असेल, तर माझ्या मते पहिला खर्च बॅकअपवर करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. तसं पाणी तळमजल्यावर शिरलं की कॉम्प्युटरबरोबर टॅलीचा डेटाही जातो, आणि माणसं कितीही जिवाला जीव देणारी असली तरी तो आठवून लिहून काढता येत नाही. डेटाच्या तीन प्रती हव्यात. एक ऑफिसबाहेर, आणि एक नेटवर्कपासून तोडलेली, म्हणजे रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तिथवर पोचणार नाही. अधूनमधून तो बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर चढवून मागच्या महिन्याची बिलं उघडतात का, हेही बघा. ही तालीम बहुतेक ठिकाणी राहूनच जाते.

इन्व्हर्टर, दुसरं इंटरनेट हे त्यानंतर. दोन कंपन्यांच्या केबल इमारतीत एकाच डक्टमधून येत असतील, तर दुसऱ्या लाइनचा फायदा निम्माच.

आता माणसं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. त्यातल्या असंख्य मशीनसमोर कुणीतरी बसून अपडेटची ती सदोष फाइल हाताने काढावी लागली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले गेले. अशा वेळी विचारत न बसता पेन उचलायची मुभा लागते, आणि ती आधीच दिलेली असावी लागते.

छोट्या ऑफिसात नेमकं इथेच अडतं. बँकेचा ओटीपी फक्त शेठच्या मोबाइलवर, शेठ कुर्ला-सायनच्या मध्ये लोकलमध्ये अडकलेले, आणि पगार थांबलेले. दुसऱ्या कुणाला पेमेंटचा अधिकार द्यायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तसंच चुकीच्या लिंकवर क्लिक झालं हे ओरडा बसेल म्हणून कुणी तासभर लपवलं, तर महागडं अँटिव्हायरसही कमी पडतं. ही भीती घालवायला वर्ष-दोन वर्षं लागतात, म्हणून सुरुवात आजच करा.

शेअर ब्रोकिंग किंवा पॅथॉलॉजी लॅबसारखं मिनिटांवर चालणारं काम असेल, तर मात्र दुसरी लाइन आणि जनरेटर बॅकअपच्या जोडीनेच घ्या.